लेकरांचा तंबू कुठे लावायचा?

ऐकणाऱ्या सगळ्या ताई, मावशी, वहिनी, आणि भाकरी थापता थापता कान इकडे लावून बसलेल्या आज्या, सगळ्यांना नमस्कार. आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या, भंडारदरा धरणाच्या मागच्या डोंगरातल्या एका गावच्या बचत गटाच्या बाया. गटात आम्ही अकरा जणी आहोत. गावाचं नाव मात्र आज सांगणार नाही. विसरलो नाही, मुद्दामच सांगत नाही. का ते पुढे कळेल.

आमच्या भागात गाड्या येतात त्याला आता नवल राहिलं नाही. कळसूबाईचं शिखर आमच्याकडेच. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच. रतनगड आहे, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ आहे, साम्रदची सांदण दरी आहे, रंधा धबधबा आहे. आधी येणारे बहुतेक जवान पोरं असायचे, पाठीवर पिशवी घेऊन. आता मुंबई, नाशिक, पुण्याची कुटुंबं स्वतःच्या गाडीनं येतात. डिकीत टेंट, गाद्या, दुधाची बाटली, मागच्या सीटवर पोरं. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "ताई, गर्दी नसलेली जागा आहे का? बरोबर लहान मूल आहे."

तर ही गर्दी नसलेली जागा कशी बघायची, त्यावर आज बोलायचं आहे. आमच्याच डोंगरात नाही, तुम्ही वेल्ह्याकडच्या असाल, पाटणकडच्या असाल, जव्हारकडच्या किंवा पार सातपुड्यातल्या, ज्यांच्या गावात अशी कुटुंबं यायला लागली आहेत त्या सगळ्यांसाठी. आम्ही आधी चुकलो, म्हणून सांगायला तोंड आहे.

पहिल्या वर्षी आम्ही टेंट लावले ते धरणाच्या फुगवट्याच्या कडेला. सगळे तिथेच लावत होते. समोर पाणी, पलीकडे डोंगर, फोटो झकास येतो. शहरातला एक एजंट गिऱ्हाईक पाठवायचा, आम्ही जेवण द्यायचं आणि टेंटमागे ठरलेले पैसे घ्यायचे. मे महिन्याच्या शेवटी काजव्यांचा सीझन सुरू झाला. तुम्हाला माहीत असेल, पाऊस लागायच्या आधी, मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत आमच्याकडची हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं काजव्यांनी लुकलुकतात. ते बघायला शनिवारी रात्री एवढ्या गाड्या येतात की काजव्यांपेक्षा हेडलाईटच जास्त दिसतात.

अशाच एका शनिवारी एक कुटुंब आलं. नवरा-बायको, तीन वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचं बाळ. एजंटानं त्यांना सांगितलं होतं, एकदम शांत जागा, फॅमिलीसाठी. ते पोचले तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. शेजारच्या टेंटमध्ये मोठा स्पीकर. लाईटसाठी जनरेटर. पोरगी घाबरून आईला सोडेना. रात्री दोनच्या सुमाराला बाळाचं अंग तापलं. ती बाई, पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल, आमच्या चुलीपाशी आली आणि म्हणाली, "मावशी, आम्हाला निघायचंय, पण गाडी निघत नाहीये." त्यांच्या गाडीच्या मागे दोन आडव्या, त्यांच्या मागे आणखी तीन गाड्या. कुठली गाडी कुणाची, कोण कुठल्या टेंटमध्ये झोपलंय, काही कळायला मार्ग नाही. आम्ही चौघी टॉर्च घेऊन टेंटाटेंटाला हाका मारत फिरलो. काहींनी शिव्याही दिल्या. वाट मोकळी व्हायला तास लागला. तेवढा वेळ ते बाळ आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या मांडीवर होतं, ओल्या फडक्यानं अंग पुसत त्या बसल्या होत्या.

बाळ बरं झालं. दोन दिवसांनी त्या पोरीचा फोन आला तेव्हा आमचा जीव खाली पडला. एजंटाला सांगितलं तर तो म्हणाला, सीझनमध्ये असं चालायचंच. त्या सोमवारच्या मीटिंगला आमच्यातल्या एका आजींनी विचारलं, "आपल्या सुनेला आणि नातवाला आपण त्या जागी झोपवलं असतं का?" कुणी उत्तर दिलं नाही.

पाऊस सुरू झाला, आवणी झाली, मीटिंगा शेतातच व्हायला लागल्या. पण प्रश्न डोक्यात राहिला. भात निघाल्यावर आम्ही गावाच्या शिवारातल्या तीन जागा बघायच्या ठरवल्या. आणि बघायला जाताना आमच्यातल्या एकीची अडीच वर्षांची नात बरोबर घेतली. ही अक्कल कुणाची म्हणाल तर कुणाचीच नाही, घरी सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून ती बरोबर आली. पण त्या पोरीनं आम्हाला जे शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवलं नसतं. जागेवर पोचलं की तिला खाली सोडायची आणि मागे मागे जायचं. तासाभरात कळतं की ही जागा लेकरांची आहे की नाही.

फुगवट्याच्या कडेला ती सरळ पाण्याकडे धावली. लहान मूल पाण्याकडेच जाणार, त्यात नवल नाही. पण मागे जाताना आम्हाला दिसलं की काठावरचा गाळ वरून सुकलेला आणि आतून ओला आहे. मोठ्या माणसाचा पाय पोटरीपर्यंत आत जातो. आणि धरणाचं पाणी काही एका जागी थांबत नाही. सोडलं की उतरतं, काठ रोज वेगळा. आमच्याच भागात घाटघरला तर वरच्या धरणातलं पाणी वीज करण्यासाठी खाली सोडतात आणि पुन्हा पंपानं वर चढवतात. अशा पाण्याच्या कडेला संध्याकाळी बघितलेली जागा सकाळी तशीच असेल असं धरून चालत नाही. ओढ्याचंही तसंच. ओढ्याची वाळू सपाट, मऊ असते, टेंटला मोह पडतो. पण वर डोंगरात वळीव पडला तर इथे आभाळ कोरडं असताना पाणी येतं. आमच्या सासवांनी आम्हाला ओढ्यात धुणं धुताना जे सांगितलं, तेच पाहुण्यांना सांगायचं.

दुसरी जागा वरचं पठार. तिथे गर्दी म्हणाल तर एक माणूस नाही. सगळा डोंगर दिसतो, मोबाईलला रेंजही तिथेच मिळते. आमच्या अध्यक्षाबाई म्हणाल्या, हीच. पोरीला सोडलं तर ती वाऱ्यानं दोनदा पडली आणि तिसऱ्यांदा जी निघाली ती कड्याच्या बाजूनं. कडा तिथून ऐंशी पावलांवर, मध्ये एक झुडूपसुद्धा नाही. शिवाय पाणी खालून डोक्यावर न्यायचं, वाट बैलगाडीची, आणि रात्री बाळाला काही झालं तर खाली यायला पाऊण तास. गर्दी नाही, पण माणूसही नाही. त्या दिवशी आमच्या लक्षात आलं की आईबाप फोनवर "गर्दी नको" म्हणतात, तेव्हा त्यांना जंगलात एकटं पडायचं नसतं. त्यांना स्पीकर नको असतो, अनोळखी दारूडे नको असतात, अडकलेली गाडी नको असते. एखादं घर हाकेच्या अंतरावर असलं तर त्यांना हवंच असतं, फक्त ते विचारायला लाजतात.

तिसरी जागा त्या आजींचंच खाचर. गावाच्या कडेला त्यांचं घर शेवटचं. घरामागे तीन खाचरं पायरीपायरीनं उतरतात. तिथे काही बघण्यासारखं नाही असं आम्हीच म्हणत होतो. एका अंगाला हिरड्याचं झाड, समोर डोंगराचा एक तुकडा, बाकी भाताची धसकटं. पोरगी तासभर तिथे खेळली. बांधावर चढली, उतरली, ढेकळं फोडली, आजींच्या कोंबडीच्या मागे लागली. बांध तिच्या कमरेइतका, पडली तरी मातीत. कुठे जाते हे घरातून दिसत होतं. शंभर पावलांवर नळ आणि संडास. गाडी थेट वरच्या बांधापर्यंत येते. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि हसलो. जागा आमच्या रोजच्या वाटेवर होती.

आता त्या जागेचं काय काय करावं लागलं ते सांगतो, कारण मोकळं खाचर म्हणजे तयार जागा नव्हे.

पहिली म्हणजे धसकटं. वाळलेलं धसकट टेंटच्या तळातून वर येतं आणि रांगणाऱ्या बाळाच्या गुडघ्याला लागतं. दोन टेंटपुरती जागा आम्ही कुदळीनं खणून, चोपून, शेणानं सारवून घेतली, खळ्यासारखी. खालचं खाचर घ्यायचं नाही. हिवाळ्यात गार हवा उतरून सगळ्यात खालच्या खाचरात साचते, दहिवरही तिथेच जास्त पडतं. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे हुडहुडी भरते, तेव्हा दोन पायऱ्या वर असण्याचा फरक अंगाला कळतो. उतार बघायला पाण्यानं भरलेली बाटली आडवी ठेवायची. गडगडली तर रात्री पोरंही गडगडत टेंटच्या कोपऱ्यात जमा होतात.

बांध मातीचा असेल तर बरा. दगड रचलेला असेल तर टेंट त्याच्यापासून चांगला लांब. दगडांच्या सांदीत विंचू असतात, फुरसं असतं. करवंदीच्या जाळीचंही तेच. जिथे गुरं बसतात तिथेही नको, गोचिडी राहतात, आणि लहान मुलांच्या कानामागे, मांडीत कुठे चिकटल्या ते आईला दुसऱ्या दिवशी घरी गेल्यावर कळतं. टेंट लावायच्या आधी मान वर करून झाडही बघायचं. वाळकी फांदी आहे का, आणि आग्या मोहोळ आहे का. मोहोळाखाली चूल पेटवली, धूर वर गेला, की मग पळायलाही सुधरत नाही. ज्या झाडाला किंवा कड्याला मोहोळ आहे तिथे आम्ही पाहुणा नेतच नाही, कितीही हट्ट केला तरी.

गाडी. हा विषय पहिल्या वर्षानं आम्हाला चांगला शिकवला. दोन कुटुंबं, दोन गाड्या, त्याहून जास्त घ्यायच्या नाहीत. प्रत्येक गाडीचं तोंड रस्त्याकडे, पुढे-मागे दुसरी गाडी नाही, रात्री कधीही किल्ली फिरवली की निघता आलं पाहिजे. टेंटच्या वरच्या अंगाला उतारावर गाडी लावायची नाही, आणि चाकाला दगड लावायचाच. वाळक्या गवतात लावायची नाही, खालचा तापलेला पाईप गवताला लागला तर पेटतं. आणि सकाळी निघताना गाडी रिव्हर्स घ्यायच्या आधी आमच्यातली एक जण सगळी पोरं मोजते, हात धरून बांधावर उभी करते, मगच "घ्या दादा" म्हणते. काही दादांना हे आवडत नाही. नाही आवडलं तर नाही.

काही कुटुंबं टेंट न लावता गाडीतच झोपतात, सीट पाडून. त्याला हरकत नाही, पण काच दोन बोटं उघडी आणि इंजिन बंद. थंडी म्हणून इंजिन चालू ठेवून, काचा लावून झोपायचं नाही. तसंच टेंटमध्ये शेगडी न्यायची नाही, निखाऱ्याचं घमेलंही नाही. एकदा एक आजोबा, चांगले शिकलेले, नातवाला थंडी वाजते म्हणून निखारे मागायला आले. आम्ही दिले नाहीत. बंद जागेत कोळशाचा जो विषारी वायू होतो त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. आम्ही दोन गोधड्या जास्त दिल्या आणि गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून दिली. सकाळी आजोबाच म्हणाले, पोरगं घामेजलं.

चुलीचं एक आमच्याही ध्यानात नव्हतं. रात्री शेकोटी विझली असं वाटतं, वर राख धरते. सकाळी पोरं उठतात, मोठी माणसं अजून झोपलेली, आणि पोरं त्या राखेत पाय घालतात. आत निखारा जिवंत असतो. आता रात्री झोपायच्या आधी दोन हंडे पाणी ओतून, काठीनं ढवळून, पुन्हा पाणी ओततो. नुसती माती टाकून भागत नाही, माती खालचं तापलेलं झाकून ठेवते.

रात्रीच्या भीतीचं म्हणाल तर आमच्या तालुक्याला बिबट्या नवा नाही. तो येतो कुत्र्यांसाठी, आणि कुत्री येतात उष्ट्यासाठी. म्हणून जेवण झालं की ताटं लगेच उचलायची, एक हाड बाहेर राहू द्यायचं नाही. अंधार पडल्यावर लहान मूल मोठ्याच्या हाताला. शी-शूसाठी अंधारात उघड्यावर बसवायचं नाही, वाकून बसलेलं लहान अंग बिबट्याला सावज वाटतं. संडास शंभर पावलांवर पाहिजे म्हणालो ते याचसाठी. वाटेवर दोन पिवळे दिवे लावले आहेत, मंद.

साप-विंचवाबद्दल शहरातल्या आयांना फार धास्ती, आणि आपल्याला फार सवय. दोन्ही बरं नाही. जमिनीवर झोपणाऱ्याला रात्री मण्यार चावते आणि कित्येकदा चावल्याचं कळतही नाही, म्हणून टेंटची चेन पूर्ण लावलेली पाहिजे आणि बूट आत किंवा गाडीत. विंचू लहान मुलाला चावला, त्याला घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर मंत्र नाही, चुना नाही, सरळ दवाखाना. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात लाल विंचवाच्या विषावर वर्षानुवर्षं काम केलं आणि प्राझोसिन नावाच्या साध्या गोळीनं जीव वाचतात हे दाखवून दिलं. औषध आहे, पण वेळेत पोचायला हवं. साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हात-पाय हलू द्यायचा नाही आणि न्यायचं. आमच्या भिंतीवर खडूनं तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत, १०८ नंबर, सापाचं औषध असलेला सरकारी दवाखाना कुठे, आणि त्या रात्री गावात कुणाची जीप आहे. तिसरी गोष्ट रोज बदलते, म्हणून खडू.

आता जागेच्या कागदाचं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली झालं, आणि आमची बरीच गावं त्याच्या आत आहेत. वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय तंबू लावता येत नाही. पाहुण्याला ते माहीत नसतं, त्याला सगळा डोंगर एकच दिसतो. म्हणून जागा मालकीची असावी आणि सातबारा बघून घ्यावा. आम्ही बघितला तेव्हा आमच्या अकरा जणींपैकी दोघींचंच नाव सातबाऱ्यावर निघालं, त्यावर वेगळी मीटिंग झाली, ती गोष्ट पुन्हा कधी. आजींच्या घरच्यांची लेखी संमती घेतली, ग्रामपंचायतीला आणि वनरक्षकांना सांगून ठेवलं. ज्यांना संडास, पाण्याची टाकी असं बांधायचं आहे त्यांच्यासाठी सांगतो, राज्याच्या पर्यटन विभागाचं 'आई' नावाचं महिलांसाठीचं धोरण २०२३ साली आलं आहे, त्यात पर्यटनाच्या व्यवसायासाठी महिलेनं घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा आहे. अटी आहेत, त्या वाचून घ्या. आम्ही कर्ज काढलं नाही, गटाच्या पैशातच केलं. पण विचारायला गेलो होतो.

वार कुठला, यावर सगळी शांतता अवलंबून असते. एकच जागा शनिवारी जत्रा आणि मंगळवारी देवघर. काजव्यांचे शनिवार-रविवार, जुलै-ऑगस्टमधले धबधब्यांचे शनिवार-रविवार, पंधरा ऑगस्टला लागून आलेल्या सुट्ट्या आणि एकतीस डिसेंबर, या दिवशी आमच्याकडे रस्ताच वाहता राहत नाही, मग जागा कितीही आतली असो. या दिवसांत आम्ही लहान मुलांची कुटुंबं घेत नाही. पावसाळ्यात तर नाहीच. घाटघर-रतनवाडीकडचा पाऊस तुम्ही बघितला नसेल तर सांगून कळायचा नाही, टेंट म्हणजे त्यापुढे कागद. दिवाळीनंतर भात निघालं की जागा मोकळी होते, तिथपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत लेकरांसाठी खरे दिवस. आणि ज्यांना काजवेच दाखवायचे आहेत त्यांना आम्ही सांगतो, सोमवार ते गुरुवार या, अमावास्येच्या आसपास या. आजींच्या बांधावरच्या हिरड्यावर येतात तेवढे काजवे तीन वर्षांच्या पोराला पोटभर होतात. टॉर्च मारायचा नाही, झाडाखाली तुडवायचं नाही. काजवा उजेडानं जोडीदाराला बोलावतो, आपण त्यावर हेडलाईट टाकला की त्याची हाक बुडते. पोरांना हे सांगितलं की ती बापालाही टॉर्च लावू देत नाहीत.

फोनवर आता आम्ही उलट प्रश्न विचारतो. मूल किती वर्षांचं, रांगतं की चालतं, अंगावर पितं की वरचं खातं, काही औषध चालू आहे का, गाडी कुठली. खाली बसकी गाडी असेल तर शेवटच्या वळणावर आमचा एक पोरगा उभा राहतो, चाक कुठून काढायचं ते दाखवायला. एक अट पक्की, दुपारी चारच्या आत पोचायचं. हिवाळ्यात सहाला अंधार होतो. घोटीवरून वर येताना पोरांना गाडी लागते, उलट्या होतात, दोनदा थांबावं लागतं, तो वेळ धरूनच निघा म्हणतो. उजेडात पोचलेलं मूल जागा बघून घेतं, कोंबडी कुठे, नळ कुठे, आजी कुठे, आणि मग रात्री रडत नाही. अंधारात पोचलेलं मूल रात्रभर अनोळखी ठिकाणी असतं. हा आमचा अनुभव आहे.

जेवण साडेसहा-सातला. आधी पोरांचं. मऊ भात, मुगाचं वरण, तूप, आणि सकाळी नाचणीची पेज. तिखट रस्सा मोठ्यांना नंतर. पहिल्यांदा आम्ही सगळ्यांना एकच काळ्या मसाल्याची आमटी वाढली होती, पोरांचे डोळे बघून आम्हालाच रडू आलं. डायपरचं एक सांगून ठेवतो, ते पुरायचं नाही, कुत्री उकरतात आणि सकाळी सगळ्या खाचरात पांढरा कापूस. जाळायचंही नाही. येणाऱ्यालाच जाड पिशवी देतो आणि त्याच्याच गाडीतून परत पाठवतो.

पैशाचं विचाराल तर लपवत नाही. एजंट सोडला तेव्हा घरचे पुरुष म्हणाले, हातचं गिऱ्हाईक घालवलं. पहिल्या मे महिन्यात चार शनिवारांत जेवढे आले होते, तेवढे नव्या जागेला जमवायला आम्हाला अख्खा हिवाळा लागला. आता आम्ही कुटुंबामागे जागेचे हजार रुपये घेतो, जेवणाचे वेगळे, पाच वर्षांखालच्या मुलाचे काही नाही. त्यातला एक वाटा आजींच्या घराचा, एक गटाचा, बाकी त्या दिवशी काम केलेल्या बायांचा. फार होत नाही. पण कुणाकडून उधार राहत नाही, आणि रात्री दोनला टॉर्च घेऊन शिव्या खात फिरावं लागत नाही. दुसरं खाचर तयार करायचं का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. अध्यक्षाबाई म्हणतात चार गाड्या घेऊ. आजी म्हणतात, चार गाड्या झाल्या की एक स्पीकर येणारच.

गेल्या जानेवारीत ते पहिलं कुटुंब पुन्हा आलं, त्या तापलेल्या बाळाचं. आम्ही बोलावलं नव्हतं, त्या पोरीनंच फोन केला, म्हणाली, "मावशी, तुम्ही जागा बदलली असं ऐकलं." बाळ आता चालत होतं. बुधवार होता, दुसरी गाडीही नव्हती. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी त्याला उचलायला हात पुढे केले तर ते आईच्या मागे लपलं. ओळख कुठून असणार. संध्याकाळपर्यंत मात्र कोंबडीच्या मागे त्यांच्या अंगणात होतं. रात्री आई-बाप टेंटबाहेर कितीतरी वेळ नुसते बसले होते, बोलतही नव्हते. आम्ही दाराची फळी लावली, कडी घातली नाही.

ज्या गटांना जागा बघायची आहे त्यांनी भात निघाल्यावर आमच्याकडे या. रेडिओच्या ताईंकडे आमचा निरोप्या आहे, तो गावाचं नाव सांगेल. शनिवार सोडून कधीही या, आणि येताना नुकतं चालायला लागलेलं एखादं नातवंड बरोबर आणा. नमस्कार.